पहिल्या विमानाचा रेडिओ

रेडिओ कोणता घ्यायचा यावरून आम्ही दोघं तीन महिने भांडलो आणि शेवटी त्याचं खरं ठरलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जसा वागलो त्याच्या मुळाशी हेही असणार. हरलेला माणूस लक्षात ठेवतो.

साल सदुसष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. मी मुंबईहून डिप्लोमा करून तिथल्या इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये उमेदवारीवर लागलो होतो. बोईसर स्टेशनजवळ दोन खोल्या भाड्याने घेऊन आई नि मी राहायचो. वडील लहानपणीच गेले होते. आई मासवणकडची, आणि मासवणकडच्या बाया करतात तसं तिचं सगळं घर उन्हावर चालायचं. मिरच्या, मीठ, सादळलेल्या काडेपेट्या, उशा, जे काही मऊ पडेल किंवा मंद होईल ते अंगणातल्या खाटेवर जायचं. ऊन फुकट मिळतं, मग वस्तू फेकून कशाला द्यायची, हा तिचा सवाल असे.

आणि तो, माझा मित्र. तारापूरच्या उत्तरेला किनाऱ्यावरच्या एका गावातला, मासेमारी करणाऱ्या घरातला. शाळा सातवीपर्यंत. पालघरला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारता मारता तो काम शिकला होता. गावात वीज नव्हती. तांब्याच्या टोकाची कावी चुलीतल्या निखाऱ्यावर तापवून तो तारांच्या जोडांना कथलाचा डाग द्यायचा, आणि तो डाग असा गोल, चकचकीत बसायचा की आमच्या शॉपमधल्या विजेच्या कावीवाल्यांनी मान खाली घालावी. पहिल्यांदा भेटला तेव्हा माशांच्या टोपलीत फडक्याखाली तीन ट्रान्झिस्टर घेऊन सायकलवर आला होता. त्याला माझ्याकडून मीटर हवा होता, दहा मिनिटांसाठी. संध्याकाळी गेला. आईने त्याला जेवायला वाढलं आणि तेव्हापासून ती त्याची मावशी झाली.

त्याची एक गोष्ट गावात कुणी उघड बोलत नसे. त्याला बोट लागायची. मासेमाऱ्याच्या पोराला समुद्रावर उलट्या होणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. बंदराबाहेर पडलं की पोटातलं पाणीसुद्धा राहत नसे. बरोबरचे खलाशी हसत आणि बाप मान फिरवून बसे. बापाने एकदा शेवटचं सांगून टाकलं होतं: होळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर पुन्हा बोटीवर.

आमच्या शॉपचे साहेब मराठी होते, पन्नाशीचे, आणि त्यांना उडत्या विमानांचा नाद होता. परत जाणाऱ्या एका परदेशी इंजिनिअरने त्यांना मुठीत मावेल एवढं एक इंजिन भेट दिलं होतं. चालू केलं की इथरचा वास दोन दिवस कपड्यांना राहायचा. साहेबांनी ते माझ्यापुढे ठेवलं. "विमान तुम्ही बांधा. पण नुसतं सोडून द्यायचं नाही, जमिनीवरून चालवायचं. रेडिओ काय घ्यायचा ते तुम्हीच शोधा." मी माझ्या मित्राबद्दल सांगितलं. साहेबांनी त्याने दुरुस्त केलेला एक सेट उघडून पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाले, "शिक्षण नाही म्हणून वरचे लोक याला घेणार नाहीत. पण याने बनवलेल्या रेडिओवर विमान जाऊन परत आलं, तर मी स्वतः त्यांच्यापुढे जाऊन उभा राहीन."

म्हणजे विमान माझ्यासाठी नाद होता, त्याच्यासाठी नोकरी. हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

पर्याय दोनच होते. त्याच परदेशी इंजिनिअरचा एक सेट विकाऊ होता. त्याच्या पेटीवर पाच दांडे होते, आणि विमानात बसवायच्या यंत्रात केसासारख्या पातळ पोलादी पात्यांची एक रांग. प्रत्येक पातं आपापल्या सुराला थरथरायचं आणि आपापलं काम करायचं, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक इंजिन कमी करायला. मी तो सेट पाहिला आणि वेडा झालो. दुसरा पर्याय त्याच्या डोक्यातला: एकच बटण. सिग्नल आला की विमानातलं एक छोटं चक्र पिळलेल्या रबराच्या जोरावर एक टप्पा पुढे सरकणार. एकदा दाबून धरलं तर शेपटीची पट्टी उजवीकडे, दोनदा दाबलं तर डावीकडे, सोडलं तर सरळ. बस. इंजिनावर ताबा नाही. तेल संपलं की ते आपोआप बंद पडणार आणि विमान तरंगत खाली येणार.

"हे काय, खेळणं आहे?" मी म्हणालो.

"पयलंच इमान हाय ना?" तो म्हणाला. "पयल्या होडीला कोण तीन शिडं लावतं? पाच दांडे घेऊन तुजाच हात गोंधळंल. आन ही पाती बघ. आमच्या खाऱ्या हवेत दोन म्हैन्यात गंजतील. गंजलं का सूर बदलला. सूर बदलला का डावीकडे सांगशील नि उजवीकडे जाईल."

मी पुस्तकातलं सांगायचो, तो हवेतलं. एकबटणी सेटचे मी सतरा दोष काढले. त्याचा रेसिव्हर आजूबाजूचं काहीही पकडेल, उन्हात तापला की भरकटेल, रबर सैल होईल. तो एकेक ऐकून घ्यायचा आणि आठ दिवसांनी उपाय घेऊन यायचा. मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेले ट्रान्झिस्टर, हाताने गुंडाळलेली वेटोळी, आणि खारं लागू नये म्हणून सगळ्या जोडणीवर वितळवलेलं मेण. शेवटी दोन्ही सेट साहेबांच्या टेबलावर गेले. साहेबांनी परदेशी सेट उघडला. दोन वर्षं किनाऱ्यावर राहिलेल्या त्या पात्यांवर लालसर पूड धरली होती. त्यांनी पेटी बंद करून माझ्याकडे सरकवली आणि त्याला म्हणाले, "तुझा."

मी हसलो, त्याच्या पाठीवर थाप मारली. आतून जळलो. खोटं कशाला बोला?

परवानगीचे कागद साहेबांनी सांभाळले. त्या काळी घरच्या रेडिओलासुद्धा दरवर्षी पोस्टात जाऊन लायसन्स घ्यावं लागे, आणि हा तर नुसता ऐकणारा नव्हे, सिग्नल सोडणारा रेडिओ. आम्ही किनाऱ्यावर चाचण्या सुरू केल्या. सुकत टाकलेल्या बोंबलांच्या काठ्यांपाशी तो बटण घेऊन उभा राही आणि मी रेसिव्हर घेऊन वाळूतून लांब चालत जाई. कानाला लावलं की त्यात फोडणीसारखी चुरचुर ऐकू येई. त्याने बटण दाबलं की चुरचुर एकदम थांबे, चक्र टक् करी, आणि मी हात वर करी. काठ्यांवर मासे उलटणाऱ्या बाया हसून म्हणायच्या, यांना कुणीतरी कामधंदा द्या रे. तोही हसायचा. मी वर केलेला हात त्याला लांबून दिसायचा, आणि तो प्रत्येक वेळी आनंदाने एक उडी मारायचा. चोवीस वर्षांचा बाप्या!

कामं वाटून घेतली होती. रेडिओ त्याचा, विमान माझं, आणि सेलही माझ्याकडे, कारण सेल बोईसरला मिळायचे. विमानात चार पेन्सिल सेल लागत. चाचण्यांत वापरलेले चार मी बिस्किटाच्या डब्यात टाकून ठेवले होते, आणि खास उड्डाणासाठी चार नवे आणून, कागदात गुंडाळून, त्याच डब्यात ठेवले. त्याचा एक नियम होता. सेल नुसता मीटरवर बघायचा नाही. छोटा दिवा जोडायचा, शंभर अंक मोजायचे, आणि दिवा पिवळा पडतो का बघायचं. "इसावलेला सेल मीटरला फसवतो," तो म्हणायचा. "बसलेला बैल पन दांडगाच दिसतो. औताला जुंपल्यावर कळतं."

मला ते गावठी वाटायचं. माझ्याकडे डिप्लोमा होता नि शॉपचा मीटर.

उड्डाण ठरलं माघातल्या एका रविवारी, सकाळी, ओहोटीच्या वेळी, वाळू कडक असते तेव्हा. मी अंधारात उठलो. आई पाण्याला गेली होती. डबा उघडला. कागद नव्हता, आठही सेल सारखेच पुसलेले, लखलखीत, आडवे मांडून ठेवलेले. मला वाटलं, कागद मीच काढला असेल. मीटर लावला. आठही दीड व्होल्टच्या आसपास. त्यातले हाताला लागले ते चार उचलले, विमान सायकलला बांधलं आणि निघालो.

किनाऱ्यावर गर्दी होती. साहेब टोपी घालून आले होते. त्याचा बाप बोटीवर न जाता एका बाजूला उकिडवा बसला होता. मित्राने विमानाचं पोट उघडलं, सेल बसवले, आणि मला विचारलं, "दिवा लावून बघितलंस?"

"हो," मी म्हणालो.

त्याने पुन्हा विचारलं नाही.

जमिनीवर सगळं नीट चाललं. टक्, उजवीकडे. टक् टक्, डावीकडे. मतलई वारा होता, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. वाऱ्याकडे तोंड करून मी धावलो आणि विमान सोडलं. ते एकदा खाली बसल्यासारखं झालं आणि मग चढायला लागलं, सुरूच्या झाडांवरून, उंच. त्याने बटण दाबलं. विमान वळलं. खरंच वळलं! सगळा किनारा ओरडला. तो ओरडला नाही, ओठ दाबून वर बघत राहिला. दुसरं वळण, तिसरं. ते आमच्या डोक्यावरून समुद्रावर गेलं, तिथून वळून परत आलं, साहेबांनी टाळी वाजवली. मी त्याच्या बापाकडे बघितलं. म्हातारा उभा राहिला होता.

पुन्हा ते समुद्राकडे गेलं. त्याने बटण दाबलं.

"येत नाय," तो म्हणाला.

"दाब."

"दाबतोच हाय. येत नाय रे."

वारा पाठीशी घेऊन ते सरळ चाललं होतं, एवढं सरळ की मी बांधलेल्या विमानाचा मला अभिमान वाटावा. तो बटण दाबत पाण्यात शिरला, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, पेटी डोक्यावर धरून. इंजिनाचा आवाज बारीक होत गेला. मग वाटलं ऐकू येतोय, पण येत नव्हता.

साहेब माझ्याकडे वळले. "काय झालं असेल?"

मी विचार केला नाही. उत्तर तयारच होतं. "साहेब, जोडणी घरची आहे. धक्क्याने कुठेतरी डाग सुटला असणार."

तो तेव्हा पाण्यातून बाहेर येत होता. त्याने ऐकलं. पेटी वाळूवर ठेवली आणि स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाला, "आसंल. माजाच डाग सुटला आसंल."

साहेबांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. पण ते म्हणाले, "इथे विमान गेलं. आमच्याकडे पॅनेलवर डाग सुटून चालत नाही, बाबा." त्याच्या बापाने कमरेची लुंगी झटकली. "उद्या पहाटे ये," एवढंच पोराला म्हणाला आणि चालू लागला.

संध्याकाळी मी घरी आलो. आई चुलीपुढे होती. "उडालं का रे?"

"गेलं समुद्रात."

"अगं बाई. आणि सेल? सेल चालले ना? डब्यातले सगळे चांगले दोन दिवस उन्हात ठेवले होते मी, फडक्याने घासून. आपल्या बॅटरीचे असेच तर पुन्हा उठतात."

मी हातपाय धुवायला गेलो आणि तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिलो. जुने चार आणि नवे चार, तिने एक करून टाकले होते. आणि उन्हाने उठवलेले जुने सेल मी मीटरवर पास केले होते. दिवा लावला असता तर शंभरपर्यंत मोजायची गरजच नव्हती. वीसला कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या खोलीत जाऊन हे सांगायला पाच मिनिटं लागली असती. सेल माझे होते, मी तपासले नाहीत, डाग चांगला होता, याला घ्या. मी दारापर्यंत गेलो. आत साहेब कुणाशी तरी बोलत होते. माझी उमेदवारी संपायला दोन महिने होते, आणि ज्याला सेल तपासता येत नाही त्याला कोण कायम करणार? मी मनाशी म्हणालो, आईचं नाव कशाला मध्ये आणायचं. आईची ढाल केली मी. नंतर जाऊ, असं म्हणून परत फिरलो. नंतर होळी आली. मी कायम झालो.

तो बोटीवर गेला. कावी त्याने एका पालघरच्या पोराला देऊन टाकली. त्याच्या गावात रेडिओ बिघडला की आता लोक पालघरला नेत. त्याला कुणी विचारलं तर तो म्हणे, माजा हात चांगला नाय. बोट लागायची काही थांबली नव्हती. गाल आत गेले होते, डोळे पिवळट झाले होते. पण आमच्याकडे यायचा. दर दोन-तीन महिन्यांनी मावशीसाठी सुके बोंबील घेऊन. मी समोर बसायचो, चहा प्यायचो, आणि आज सांगू म्हणता म्हणता तो उठायचा.

अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. एकोणसत्तरच्या दिवाळीनंतर एका दुपारी तो आला. बोटीवर बॅटरी लागते, तिचे सेल संपलेत, स्टेशनावरून घेऊन जातो, असं सहज बोलला. आई लगेच उठली.

"विकत कशाला घेतोस? हे घे, खाटेवरून आत्ताच उचललेत. चार दिवस ऊन खाल्लंय त्यांनी." आणि त्याच्या हातावर दोन मोठे सेल ठेवले, पुसलेले, लखलखीत, अजून गरम.

तो ते सेल बघत राहिला. "मावशी, तुमी पयल्यापासून आसंच करता?"

"पहिल्यापासून. तुमच्या त्या विमानाचेसुद्धा मीच वाळवले होते की. याला विचार."

मी जमिनीकडे बघत होतो. त्याने पिशवीतून बॅटरी काढली, सेल तिच्यात घातले, बटण सरकवलं, आणि भर दुपारी काच तळहातावर टेकवून धरली. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता. तळहातावरचा पांढरा गोल हळूहळू पिवळा होत गेला.

"लागली ना?" आईने विचारलं.

"लागली, मावशी. चांगले हायत." त्याने बॅटरी पिशवीत टाकली, तिच्या पाया पडला आणि बाहेर आला. मी मागोमाग आलो.

सायकलचं स्टँड काढता काढता तो म्हणाला, "म्हंजे डाग सुटला नवता."

"नव्हता."

"तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या, एक तोंडात, मी सगळं घेतलं असतं. त्याने दोन्ही हात समोर धरले, दोरानं चिरलेले, मिठानं फुटलेले, आणि उलटेपालटे करून बघितले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. मग सायकलवर बसला आणि उमरोळीच्या बाजूच्या रस्त्याने गेला. तो त्याच्या गावाचा रस्ता नव्हता.

तो पुन्हा आला नाही. आईला सुके बोंबील बाजारातून आणावे लागू लागले आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, त्याच्यासारखे नाहीत हे. शेवटच्या दुखण्यातही तिने एकदा विचारलं, तो पोरगा का रे येत नाही, मी काही बोलले का त्याला?

"तू काही नाही बोललीस," मी म्हणालो. "तो बोटीवर असतो."